मागच्या दिव्याचा धर्म

आषाढात कसारा घाटातला रस्ता धुक्याने गिळला असता पुढच्या वाहनाचा जो तांबडा दिवा आपणांस वाचवितो, तो त्याच्या चालकास स्वतःला कधीच दिसत नाही. म्हणूनच नाशिकचा एखादा गृहस्थ रविवारी अंगणात गाडीचा मागचा दिवा उघडून बसतो, तेव्हा तो कोणासाठी कर्म करीत असतो, हा प्रश्न मला धर्मविचाराच्या कक्षेतला वाटतो. कसूर पुष्कळदा दिव्याची नसतेच: 12 व्होल्टचा प्रवाह ज्या अर्थिंगच्या सांध्यातून, गाडीच्या सांगाड्यामार्फत, बॅटरीकडे परतावयाचा, तो सांधा ओलीने गंजतो, आणि परतीची वाट अडलेला प्रवाह आडमार्ग शोधू लागल्यामुळे ब्रेक दाबताच सिग्नलचा दिवाही मिणमिणतो. (अशा वेळी सबंध दिवाच नवा घेणे ही निव्वळ उधळपट्टी!) बॅटरीची तार सोडवून सांधा घासावा, घट्ट आवळावा, एवढीच तजवीज पुरते. गीतेतील निष्काम कर्माची कसोटी लावू पाहणाऱ्यास या दुरुस्तीत दंडाचे भय आणि मागून बसणाऱ्या धडकेची धास्ती यांची भेसळ आढळेल, हे मी नाकारीत नाही. परंतु अपरिचिताचे रक्षण करणारे कर्म हेतूच्या भेसळीमुळे त्याज्य ठरत नाही. दसऱ्यास गाडीला हार घालण्यापूर्वी वाचकांनी ते उरकून घ्यावे.