हेल्मेटवरचा साक्षी आणि अधिकाराचा प्रश्न

विमानातून उडी घेतल्यापासून पॅराशूट उघडेपर्यंतचे पतन टिपण्यासाठी हेल्मेटवर कोणता छोटा कॅमेरा बसवावा, हा प्रश्न वरकरणी वजनाचा, भिंगाचा आणि किमतीचा असला, तरी त्याच्या मुळाशी भारतीय दर्शनांनी फार पूर्वी हाताळलेला एक प्रश्न आहे: अनुभव घेणे आणि त्या अनुभवाकडे पाहणे या दोन क्रिया एकाच मनाला एकाच क्षणी साधतात काय?

सुमारे ४,००० मीटरवरून उडी घेऊन पोट जमिनीकडे ठेवून पडणाऱ्या माणसाचा वेग काही सेकंदांतच ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पॅराशूट उघडण्यापूर्वी त्याला जेमतेम एक मिनिट मिळते. या मिनिटात उंचीचे भान राखणे, सोबत्यांपासूनचे अंतर सांभाळणे आणि ठरलेल्या उंचीवर पॅराशूट उघडणे ही कामे टळण्यासारखी नसतात. अमेरिकेतील स्कायडायव्हर्सची संघटना, यूएसपीए, किमान २०० उड्यांचा अनुभव लागणारा ‘सी’ परवाना मिळाल्याशिवाय कॅमेरा लावू नये अशी शिफारस करते. या शिफारशीमागचा विचार वेदान्ताच्या परंपरेत ‘अधिकार’ या नावाने ओळखला जातो. तेथे अधिकार म्हणजे सत्ता नव्हे, तर एखादी गोष्ट पेलण्याची पूर्वतयारी झालेली असणे, आणि ग्रंथाच्या आरंभीच तो कोणासाठी आहे हे सांगण्याची प्रथाही त्यातूनच आली.

पूर्वीचे कॅमेरे इतके जड असत, की पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याने मान दुखावण्याची भीती असे, आणि त्या भीतीमुळे नवखा माणूस आपोआप दूर राही. आजचा कॅमेरा तळहातात मावतो आणि मानेला त्याचे ओझे जाणवत नाही. मात्र हेल्मेटबाहेर आलेल्या त्याच्या कोपऱ्यात किंवा बैठकीत पॅराशूटची दोरी अडकण्याचा धोका आकाराबरोबर नाहीसा झालेला नाही, आणि लक्ष विचलित होण्याचा धोका तर आकारावर अवलंबूनच नाही. यंत्र हलके झाले म्हणून अधिकाराची अटही हलकी झाली, असा समज करून घेणे ही या निवडीतली सर्वांत घातक चूक होय.

न्यायदर्शनाने मनाला अणुपरिमाण, म्हणजे अत्यंत सूक्ष्म, मानले आहे. एकाच वेळी दोन ज्ञाने उत्पन्न होत नाहीत हेच मनाच्या अस्तित्वाचे गमक आहे, असे न्यायसूत्रांचे प्रतिपादन आहे. अनेक गोष्टी एकदम जाणवल्यासारखे वाटते, त्याचे स्पष्टीकरण देताना नैयायिक कमळाच्या शंभर पाकळ्यांचा दाखला देतात: एकावर एक रचलेल्या पाकळ्यांतून सुई आरपार गेली, की त्या एकाच वेळी भेदल्यासारख्या भासतात, परंतु त्या क्रमानेच भेदल्या जातात आणि मधला अवकाश केवळ लक्षात येत नाही. जमिनीवर हा अवकाश उपेक्षणीय असतो. सेकंदाला सुमारे ५५ मीटर खाली जाणाऱ्या माणसासाठी तो तसा नाही, कारण कॅमेरा सुरू आहे की नाही या शंकेत त्याचे मन दोन सेकंद जरी गुंतले, तरी तेवढ्यात शंभर मीटरहून अधिक उंची संपलेली असते.

अर्थात केवळ उड्यांची संख्या म्हणजे अधिकार नव्हे. १९८८ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ८०० हून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रणकार इतरांची उडी टिपण्यासाठी विमानाबाहेर पडला, तेव्हा त्याच्या पाठीवर पॅराशूट नव्हते. चित्रणाच्या साहित्याचे वजन अंगावर असल्याने पॅराशूटची उणीव त्याला जाणवली नसावी, असा तर्क तेव्हा करण्यात आला. ज्या कृती सवयीच्या झाल्या त्यांतून मन मोकळे झाले आणि ते सगळे भिंगाकडे गेले, असाच या घटनेचा अर्थ लागतो. नवशिक्याला अपुरी सवय मारते, तर अनुभवी माणसाला पुरी झालेली सवयच दगा देऊ शकते. म्हणून २०० हा आकडा आवश्यक आहे. तो पुरेसा मात्र नाही.

अद्वैत वेदान्तातील ‘साक्षी’ म्हणजे मनाच्या सर्व वृत्तींना प्रकाशित करणारे आणि त्यांपैकी एकीनेही न बदलणारे चैतन्य. भय न वाटणारा, कशालाही न चिकटणारा कॅमेरा या कल्पनेच्या जवळ जातो असे वाटण्याचा संभव आहे. परंतु साक्षीची अलिप्तता चैतन्याची असते आणि कॅमेऱ्याची अलिप्तता जडाची. सांख्यांच्या परिभाषेत तो द्रष्ट्याच्या बाजूचा नसून दृश्याच्या बाजूचा आहे. त्यामुळे आपले पाहणे त्याच्यावर सोपवून नंतर सवडीने पाहू, असे म्हणणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात काय उरते, हे तपासावे लागते.

‘तर्कसंग्रह’ या न्यायग्रंथात अन्नंभट्टाने ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन प्रकार सांगितले असून, स्मृती ही केवळ संस्कारातून, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातून, उपजते असे म्हटले आहे. या दृष्टीने पाहता घरी बसून पाहिलेले चित्रण ही पतनाची स्मृती नव्हे. ते पडद्यावरच्या चित्राचे नवे प्रत्यक्ष ज्ञान आहे. ते चित्रण संस्काराला जागे करणारे निमित्त, म्हणजे उद्बोधक, ठरू शकते, पण जागे होण्यासाठी संस्कार आधी पडलेला हवा. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संग्रहालयातील ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे घेतली गेली त्या वस्तू, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर भिंग नेऊन लक्षपूर्वक टिपलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र ही घट दिसली नाही. दोष यंत्राचा नसून लक्ष काढून घेण्याचा आहे, हे त्यावरून दिसते.

स्मृतीची स्वतःची अशी एक घडणही असते. २००७ सालच्या एका प्रयोगात ३१ मीटर उंचीवरून जाळीत पडलेल्या लोकांना आपले पतन, इतरांच्या पाहिलेल्या पतनापेक्षा, सुमारे ३६ टक्के अधिक लांबल्यासारखे वाटले. तरीही पडताना त्यांना अधिक वेगाने बदलणारे आकडे वाचता आले नाहीत, आणि म्हणून काळ लांबवते ती स्मृती, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. कॅमेऱ्यात ही लांबी येत नाही. उडी शिकवणाऱ्याला शिष्याच्या हातापायांची चूक दाखवायची असेल, तर घड्याळाशी इमान राखणारे चित्रणच उपयोगी पडते; परंतु पडणाऱ्याला स्वतःला काय झाले, याचा पुरावा म्हणून ते अपुरेच राहील.

कोणता कॅमेरा, याचे उत्तर या विवेचनातून बरेच स्पष्ट होते. विस्तृत कोनाच्या भिंगाला नेम धरावा लागत नाही, त्यामुळे स्वतःसाठी चित्रण करणाऱ्याने तेच घ्यावे, बैठक हेल्मेटला शक्य तितकी चिकटून आणि बिनकंगोऱ्याची असावी, कॅमेरा विमानातच सुरू करून त्याचा दिवा सोबत्याकडून पाहून घ्यावा आणि मग जमिनीवर येईपर्यंत त्याला हात लावू नये. अरुंद कोनाचे भिंग आणि नेम धरण्यासाठी डोळ्यासमोर बसवलेले वर्तुळांचे दर्शक मन मागतात, आणि ते दुसऱ्याची उडी टिपण्याचे काम पत्करलेल्या, त्यासाठी वेगळी तयारी केलेल्या माणसालाच शोभतात. दोघांच्याही हेल्मेटला, दोरी अडकल्यास एका हाताने सोडवता येणारा हनुवटीचा बंद असावा, आणि तो सोडवण्याचा सराव जमिनीवर, डोळे मिटून, झालेला असावा.