वहिवाटीची साक्ष

गोदावरीच्या काठावरील नांदेड आणि बालाघाटच्या पठारावरील लातूर या दोन शहरांत पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टर, प्राध्यापक, वकील आणि व्यापारी मंडळींची संख्या अलीकडे लक्षणीय झाली आहे, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हँडलवर अथवा खिशात असलेला मोबाईल त्यांच्या प्रवासाचा समग्र तपशील, म्हणजे अंतर किती, वेळ किती, चढ किती आणि कोणत्या वळणावर वेग किती, हा निमूटपणे टिपून ठेवीत असतो. विष्णुपुरीच्या धरणापर्यंत, लोह्याच्या रस्त्याने, किंवा लातूरहून औशाच्या किल्ल्यापर्यंत जाऊन घरी परतलेल्या माणसाला त्या सकाळची रेघ नकाशावर उमटलेली दिसते, तो ती स्नेह्यांना पाठवितो, आणि दिवसाच्या कामाला लागण्यापूर्वीच त्याच्या श्रमाला चार जणांची शाबासकी मिळालेली असते.

या नोंदींविषयी तुच्छतेने बोलणारे लोक आहेत. मी त्यांच्या पक्षाचा नाही. आपल्या दिनचर्येचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवणे हा आत्मसंयमाचाच एक प्रकार आहे, आणि ज्या वयात मधुमेह व रक्तदाब घरोघरी बिऱ्हाड करू लागले आहेत त्या वयात, गेल्या महिन्यापेक्षा आपण अधिक गेलो हे लिहिलेले दिसल्यामुळे जर माणूस दुसऱ्या दिवशी वेळेवर अंथरूण सोडीत असेल, तर त्या लिहिण्याचे उपकारच मानले पाहिजेत. शिवाय या नोंदीमागील विद्या मानवी बुद्धीला ललामभूत आहे. भूपृष्ठापासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती काळ लागला, यावरून ते हातातील यंत्र आपले स्थान निश्चित करते. त्या उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंदांनी पुढे जातात, आणि सापेक्षतेच्या सिद्धांताने वर्तविलेला हा सूक्ष्म फरक हिशेबात धरला नाही, तर एका दिवसात कित्येक किलोमीटरांची चूक साचेल. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला पोहोचणारा सायकलस्वार निघाल्या ठिकाणाहून अडीचशे मीटरांहून अधिक उंचावर आलेला असतो. ही गोष्ट सांगायला एके काळी भूमापनाच्या खात्याचा माणूस लागत असे. निजामाच्या मुलखातून उत्तरेकडे भूमी मोजीत गेलेला विल्यम लँबटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे मरण पावला, तेव्हा 1802 मध्ये आरंभिलेले त्याचे काम अपुरेच होते. त्याचे आणि त्याच्यानंतरच्या एव्हरेस्टचे नाव इतिहासाने जपले. मात्र डोंगरमाथ्यावर निशाणे धरून उभे राहिलेल्या आणि ज्वराने खंगत साखळ्या ओढणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांची नावे कोठे आढळतात. मोजणीच्या कागदावर कोण येतो आणि कोण येत नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि मला आज त्याच प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे.

एकट्याची नोंद एकट्यापाशी राहिली, तर तिच्यात नीतीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. परंतु या नोंदी एकत्र होतात. स्ट्राव्हा नावाच्या ॲपने 2017 च्या नोव्हेंबरात जगभरातील सुमारे 1 अब्ज नोंदी एकत्र करून एक नकाशा प्रसिद्ध केला, ज्यात लोक जेथून अधिक धावले किंवा सायकलने गेले ते रस्ते तेजस्वी दिसत आणि जेथून कोणी गेले नाही ती भूमी काळोखात राही. 2018 च्या जानेवारीत नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की अफगाणिस्तान आणि सीरिया येथील ओसाड प्रदेशात काही लहानशा आकृती झळकत आहेत, आणि त्या म्हणजे परदेशी सैनिकांच्या तळांभोवतालच्या धावण्याच्या वाटा आहेत. लष्करी गुपिते उघडी पडली म्हणून त्या वेळी जगभर मोठा गहजब झाला, आणि तो रास्तही होता. पण त्या नकाशातील दुसरी गोष्ट मला त्याहून अधिक अस्वस्थ करते. ते तळ उठून दिसले, कारण त्यांच्या सभोवतालचा मुलूख काळा होता. त्या मुलखात माणसे नव्हती काय? शतकानुशतके मेंढरे घेऊन हिंडणारे, पाण्यासाठी कोसच्या कोस चालणारे, बाजाराला जाणारे लोक तेथे होतेच. त्यांच्या मनगटावर यंत्र नव्हते, एवढ्याच कारणाने नकाशाच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हते.

आता हाच नकाशा डोळ्यांपुढे ठेवून आपल्या लोहा रस्त्याकडे पाहावे. पहाटे जो रस्ता हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचा असतो, तोच त्याच घटकेला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून शहराकडे येणाऱ्या गवळ्याचा असतो, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या पहारेकऱ्याचा असतो, घमेले आणि जेवणाचा डबा बांधून बांधकामावर निघालेल्या गवंड्याचा असतो. थोड्या वेळाने त्यावर शाळकरी मुली येतात. राज्यातील 125 मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली, शाळेपासून 5 किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य दिले जाते, आणि नांदेड जिल्ह्यातील अनेक तालुके त्यांत आहेत. त्या सायकलीमुळे जिचे शिक्षण सातवीनंतर थांबले नाही अशी मुलगी जेव्हा उसाच्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी रस्त्याच्या कडेच्या मुरुमावर उतरते, तेव्हा तिच्या त्या प्रवासाइतका मोलाचा प्रवास त्या दिवशी त्या रस्त्यावरून दुसरा कोणताही झालेला नसतो. आणि तो कोठेही नोंदला जात नाही. लातुरात शिकवणीच्या वर्गांसाठी गावोगावांहून येऊन राहिलेली मुले खोलीपासून वर्गापर्यंत दिवसातून चार वेळा सायकल हाणतात. त्यांच्यापैकी कोणाला ते अंतर टिपून ठेवावेसे वाटत असेल, असे मला वाटत नाही. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगारांना कामावर जाण्याचे साधन विचारण्यात आले होते; त्यांतील सुमारे 13 टक्के लोक सायकलने जात होते. दाराशी येऊन बसलेल्या प्रगणकाने विचारले म्हणून ते मोजले गेले. मोबाईलवरच्या मोजणीत दाराशी कोणीच येत नाही. जो स्वतः होऊन येईल तेवढाच मोजला जातो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. गवळ्याला आपली रेघ नकाशावर नको आहे, आणि डॉक्टरांनी आपली काढली म्हणून गवळ्याचे काही कमी झाले नाही. ही शंका सरळ मनाची आहे, म्हणून तिचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. 2014 पासून स्ट्राव्हा हेच ॲप आपल्याजवळील नोंदींचे संकलन शहरांच्या नियोजनकारांना देऊ लागले आहे. सायकलीची वाट कोठे आखावी, चौक कोठे सुधारावा, दिवे कोठे लावावेत, याचा निर्णय त्या तेजस्वी रेषांवरून घेणे सोपे असते, कारण त्यासाठी कोणालाही रस्त्यावर उभे राहावे लागत नाही. आपल्या महानगरपालिका आज असा निर्णय घेतात असे माझे म्हणणे नाही. परंतु सरकारी कामकाजात सोपा आणि आयता आधार किती लवकर एकमेव आधार होऊन बसतो, हे मराठवाड्यातील माणसाला सांगावयास नको. ज्याच्या शेताचा पंचनामा झाला नाही त्याचे नुकसान झालेच नाही, ज्या गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागली त्या गावात दुष्काळ पडलाच नाही, या न्यायाचे चटके येथील पिढ्यांनी सोसले आहेत, आणि 2025 च्या पावसाळ्यातील अतिवृष्टीनंतर पंचनाम्याच्या यादीत आपले नाव आहे की नाही हे पाहण्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

म्हणून मला येथे आपल्याच महसुली व्यवहारातील एका जुन्या तजविजीचे स्मरण होते. शेतात जाण्याची वाट कोणी अडविली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. अशा दाव्यात कागदावर रस्ता दाखविलेला नसला, तरी वहिवाट सिद्ध करता येते. तहसीलदार स्थळपाहणी करतो, बांधावर उभा राहतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो, आणि या वाटेने कोण जात होते, बैलगाडी जात होती काय, याची चौकशी करतो. या पद्धतीत विलंब आहे, पक्षपात शिरू शकतो, आणि तिच्या नावाने बोटे मोडणारे शेतकरी मी पुष्कळ ऐकले आहेत. तरीही तिच्यात एक तत्त्व मोठे आहे: ज्याच्यापाशी लेखी पुरावा नाही, त्याच्याही जाण्यायेण्याला साक्ष मिळू शकते, आणि ती साक्ष दुसऱ्याने द्यावयाची असते. मोबाईलमधील रेघ ही वहिवाटीची नवी साक्ष आहे. फरक इतकाच, की तिच्यात प्रत्येक जण केवळ स्वतःचीच साक्ष देतो.

साक्षीचे आणखी एक अंग आहे, आणि ते थोडक्यात सांगून पुढे जातो. नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटांवर स्थान सांगणारी घड्याळे बांधली, आणि त्यांची हजेरी त्यांवरून ठरू लागली. उपग्रह तेच, विद्या तीच. पहाटे सायकलीवर फिरणाऱ्याला आपली नोंद हवी तेव्हा थांबविता येते, आपल्या घराभोवतालचा भाग झाकता येतो, नको असलेली रेघ पुसता येते. रस्ता झाडणाऱ्या बाईला यांपैकी काहीच करता येत नाही, आणि तिने किती अंतर तुडविले याबद्दल तिला कोणी शाबासकी देत नाही. ज्याला आपली नोंद लपविण्याचा अधिकार आहे त्याने तो अवश्य वापरावा, विशेषतः स्त्रियांनी. पण त्या अधिकाराचे मोल ज्यांना तो नाही त्यांच्याकडे पाहिल्यावरच पुरते ध्यानात येते.

सायकलस्वारांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. उलट या दोन शहरांत रस्त्यावरच्या अनामिक सायकलस्वारासाठी बोलू शकेल असा वर्ग जर कोणता असेल, तर तो हाच आहे, कारण त्याने त्या रस्त्याचे खड्डे, त्या रस्त्यावरचे ट्रक आणि त्या रस्त्यावरचा वारा स्वतःच्या अंगावर घेतला आहे. मोटारीतून जाणाऱ्याला गवळ्याची सायकल हा अडथळा वाटतो, याला ती सहप्रवाशाची वाटते. नांदेडला 2008 मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्त्यांची मोठी कामे झाली. पुन्हा तसा योग येईल तेव्हा येईल, परंतु रस्त्यांचे आराखडे लहानमोठ्या प्रमाणात दर वर्षी होतच असतात. सायकल मंडळींनी वर्षातून दोन-तीन दिवस, एक दिवस शाळेचा आणि एक दिवस बाजाराचा निवडून, आसना नदीच्या पुलाजवळ, लोहा रस्त्यावर, लातुरात औसा आणि बार्शी रस्त्यांवर पहाटे पाचपासून दहापर्यंत पाळीपाळीने बसावे, आणि साध्या वहीत प्रत्येक तासाला किती सायकली गेल्या, त्यांत शाळेच्या मुली किती, दुधाच्या किती, कामगारांच्या किती, हे लिहावे. नाव कोणाचेही विचारू नये, छायाचित्र काढू नये. ती बेरीज आपल्या मोबाईलमधील नकाशासोबत जोडून महानगरपालिकेच्या आयुक्तांकडे आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्जाने द्यावी, अर्जात कोणत्या चौकात दिवा हवा आणि कोठे कडेचा मुरूम दाबून पक्का करून हवा हे स्पष्ट लिहावे, आणि आपल्याकडील प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेऊनच कचेरीतून निघावे.