भाकड जनावराची वैरण

भक्तजनहो, गुरुचरित्रातली गाणगापूरची वांझ म्हैस आठवा. म्हातारी, दात पडलेली. गरीब ब्राह्मण तिला माती वाहायला भाड्याने देई. श्रीनृसिंहसरस्वती महाराज श्रीमंतांची घरं सोडून त्याच्या दारी भिक्षेला गेले अन् तिचंच दूध मागितलं. ती दुभली, हे आपण भक्तीने वाचतो. पण दूध नव्हतं तेव्हाही त्या गरीब घरात तिला कोणीतरी वैरण घालतच होतं ना?

आमच्या दुष्काळी भागात भाकड, जखमी जनावरांचा एक गोठा देणग्यांवर चालतो. दत्तजयंतीला तिथे पाट्या भरभरून पुरणपोळ्या येतात. एवढं गोड एकदम खाल्लं तर गाईच्या जिवावर बेततं, पण हे भाविकाला सांगायचं कसं? अन् चैत्रात कडबा महागतो तेव्हा पेटी रिकामी! गाईसाठी तरी हात खिशात जातो. पाय मोडलेल्या कुत्र्याचं नाव काढलं की आखडतो. तसबिरीत प्रभूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांनाही आपण गंध लावतोच की.

परवा एका मजूर बाईने पेटीत वीस रुपये टाकले. म्हणाली, "कुत्र्यालाबी घाला यातलं." पावतीला थांबली नाही.