हप्त्याची तारीख

वैनगंगेच्या काठावर, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात दोन शेजारी राहत होते. एकाचं किराणा दुकान होतं. दुसरा थोडं धान पिकवायचा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायचा. दुकानदाराचं रेशनकार्ड पांढरं, मजुराचं पिवळं.

२०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात गडचिरोली होता. पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत झाले. पुढं मजुराच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलावी लागली. ऑपरेशन नागपूरला झालं आणि बैलजोडी दावणीलाच राहिली.

पांढऱ्या कार्डाला यातलं काही मिळत नव्हतं. दुकानदारानं खासगी कंपनीची पॉलिसी घेतली. धान विकलं जाई, गावातली उधारी वसूल होई, तेव्हा तो आधी हप्ता बाजूला काढायचा. मग त्याला मधुमेह निघाला.

२०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२४च्या जुलैपासून ती सगळ्या कार्डांना खुली झाली, मर्यादा पाच लाखांवर गेली. दुकानदार म्हणाला, "आता हप्ता कशाला भरू?"

मजूर म्हणाला, "शेठ, पहिले आरोग्यमित्राला विचारून घ्या जी. मी येतो संगं."

दोघं जिल्हा रुग्णालयात गेले. मजुरानं खताच्या पिशवीतून जुने कागद काढले. त्यांच्या घड्या फाटल्या होत्या, पण एकही हरवला नव्हता. टेबलामागच्या मुलीनं, तीच आरोग्यमित्र, यादीवरून बोट फिरवत सांगितलं, "यादीतले उपचार, तेही योजनेतल्याच रुग्णालयात. आधी मंजुरी लागते." विमा एजंटानं फोनवर वेगळीच गोष्ट सांगितली. पॉलिसी तुटली, तर नव्या पॉलिसीत मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

दुकानदारानं हप्ता भरला.

त्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. नागपूरला स्टेंट बसला तो योजनेतून. पुढच्या पावसाळ्यात मुलाला ताप चढला. जवळचा दवाखाना योजनेत नव्हता, तिथलं बिल पॉलिसीनं दिलं. त्याच आठवड्यात मजुराची पोरगीही तापानं फणफणली. तिला त्या दवाखान्यावरून पुढं नेत, भर पावसात जिल्ह्याला न्यावं लागलं. पोरगी वाचली, पण ती रात्र दुकानदाराला विसरता आली नाही.

पुढच्या ग्रामसभेत तो पहिल्यांदाच उभा राहिला. म्हणाला, "जवळचा दवाखाना योजनेत घ्यावा, असा ठराव लिहा." इतकी वर्षं त्याला हे विचारायची गरजच पडली नव्हती.

सरकारी योजना वाढली म्हणून खासगी विमा निकामी होत नाही, त्याचं काम बदलतं. मोठ्या ऑपरेशनाचा भार योजना उचलते, यादीबाहेरचा आजार आणि योजनेबाहेरचा दवाखाना पॉलिसीकडे येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे. पण कर उठला तरी या जंगलपट्ट्यात हप्ता परवडणारी घरं मोजकीच आहेत. तेव्हा पॉलिसी सोडण्याआधी आरोग्यमित्राकडे यादी विचारा, आणि ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत तोंड उघडा.