लगाम कोणाच्या हाती?

स्पोर्ट्‌स मोटारीत गिअर हाताने बदलावा की यंत्राने, असा शौकिनांत वाद आहे. पोर्शेने २०१३ साली ‘९११ जीटी३’ केवळ स्वयंचलित गिअरची काढली. ते यंत्र हातापेक्षा चपळ. तरीही ग्राहकांच्या आग्रहास्तव २०१७ साली हाताचा गिअर परत आला. कठोपनिषदात बुद्धी सारथी, मन लगाम. लगाम परहस्ते दिला, तर सारथी निवांत झाला की निकामी? शौकाच्या गाडीपुरते आम्ही हाताच्याच बाजूचे; बाजारहाटास मात्र खुशाल स्वयंचलित घ्यावी.

उधन्यात मात्र आमचे मन अडखळते. खानदेशातून तेथे गेलेले आपले बांधव साध्या यंत्रमागावर धोट्यातील कांडी हाताने बदलतात. नव्या वॉटरजेट मागाला धोटाच नाही. कांडी बदलण्यात सुख आहे असे नव्हे. पण गाडीवाल्याला निवड मिळाली. यांना कोणी विचारले नाही.