विचारणे हा धर्म

१० फेब्रुवारी १८५८ रोजी अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना इंग्रजांनी इंदूर येथे फाशी दिली. माळव्यातील त्या उठावाची कारणे अनेक होती. परंतु ज्या वणव्याची ती एक ज्वाळा, त्याची ठिणगी एका परदेशी वस्तूतून उडाली, हे विसरता येत नाही. ती वस्तू म्हणजे एन्फील्ड बंदुकीचे काडतूस.

हे काडतूस दातांनी तोडावयाचे असे. त्याचे नमुने १८५३ मध्येच हिंदुस्थानात आले होते. येथल्या उष्म्यात त्यावरील चरबी टिकते की नाही, याची परीक्षा झाली. ती चरबी तोंडाला लागणाऱ्या शिपायाला काय वाटेल, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही. कर्नल टकर यांनी त्याच वर्षी दिलेली धोक्याची सूचनाही व्यर्थ गेली. हवामान जाणून घेणे अगत्याचे वाटले; माणूस जाणून घेणे वाटले नाही. १८५७ मध्ये सरकारने शिपायांना स्वतःच तेल-मेण लावण्याची मुभा दिली, काडतूस हाताने तोडण्याची रीतही घातली. पण तोवर विश्वास उडाला होता.

परमुलखातील बाजारासाठी वस्तू घडविणाऱ्यांना आज तेथील चालीरीतींचा अभ्यास करण्यास सांगतात, तो बहुधा खपासाठी. गिऱ्हाइकाला वस्तू नाकारता येते, म्हणून त्याची विचारपूस होते. शिपायाला ती मोकळीक नव्हती. खरी कसोटी तेथेच आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यालाही आधी विचारणे हा धर्म. बाकी सारा व्यापार.