मुक्यांची संमती

पांढुर्णा आणि सौंसर हे संत्र्यांच्या बागांचे तालुके. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा काढून त्यांचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. समजा, उद्या येथील एखाद्या गावी कोणी गृहस्थ करारपत्र घेऊन आला आणि म्हणाला, ‘तुमच्या वनात व पडिकात झाडे लावू, ती हवेतील जितका कर्ब शोषतील तितक्याची पत कारखानदारांस विकू आणि तुम्हांस वाटा देऊ.’ गावाने सही करावी काय?

अशा योजनांकरिता 2005 पासून एक मानदंड प्रचारात आहे. हवामान, लोकसमाज आणि जैवविविधता ही त्याची तीन अंगे. नुसता कर्ब मोजून तेथे भागत नाही. गावाने दबावावाचून, आगाऊ आणि समजून दिलेली संमती हवी. शिवाय रानातील जीवांचेही निव्वळ हित झाले पाहिजे. सरसकट निलगिरी लावून कर्बाचा आकडा फुगवता येईल. पण गोटमारीसाठी जाम नदीत रोवावयाचा पळस ज्या मुलखात मिळतो, तेथे पळसच उरला नाही तर ते हित कसले?

गावाची संमती घेता येते, निदान घेतल्याचे दाखविता तरी येते. वकिली व्यवसायात अंगठ्याचे ठसे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. परंतु पेंच आणि सातपुडा या व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा जंगलपट्टा छिंदवाड्याकडून जातो. त्या वाटेने जाणाऱ्या वाघाची संमती कोण देणार?

देवस्थानाशी संबंध असलेल्या वाचकांस हा पेच अपरिचित नाही. कायद्याच्या दृष्टीने मूर्ती स्वतः मालक, पण अज्ञान बालकाच्या स्थितीत असते. तिच्या वतीने वहिवाटदार बोलतो. तोच उलटला तर साध्या भक्तासही देवाच्या वतीने दावा लावता येतो, असे 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. वाघाचा वहिवाटदार शोधू जाता 2006 च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम आम्हांस आठवते: वन आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ते ग्रामसभेस देते. पण करारात ग्रामसभा वाटेकरीही आहे! ज्याचे हित बालकाच्या हिताविरुद्ध जाते, त्यास न्यायालय पालक नेमीत नाही.

तेव्हा भक्ताची जागा मोकळी हवी. मानदंडात लोकांच्या हरकतींसाठी तीस दिवस ठेवले आहेत. असा करार आमच्यापुढे वाचावयास आला, तर पहिली चौकशी आम्ही हीच करू की त्या तीस दिवसांची सूचना चावडीवर मराठीत लागली होती काय, आणि मोहफुले वेचावयास जाणाऱ्या बायांना ती कोणी वाचून दाखविली होती काय.